हनुवटीवरचे तीन ठिपके

बुधवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास एक बाबा जिना चढून वर आले, तेव्हा माझ्या खोलीत चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेची सात मुलं स्थिरचित्र करत बसली होती. धोतर, सदरा, टोपी, हातात कापडी पिशवी. दिंडोरीकडच्या एसटीने नाशिकला निमाणी स्टँडवर उतरून विचारत विचारत पंचवटीतली माझी गल्ली गाठली होती.

"बाई, तुम्हीच ना त्या फोटो काढणाऱ्या? आमच्या कारभारणीचा काढला तुम्ही."

तैलरंगातल्या व्यक्तिचित्राला आमच्याकडे सगळे 'फोटो'च म्हणतात. मी मुलांना अर्धा तास आधी सोडलं आणि बाबांना खुर्ची दिली. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "तिच्या हनुवटीला तीन ठिपके व्हते. तुमच्या फोटोत नाय."

मला सगळं माहीत होतं. ते ठिपके मीच काढून टाकले होते, आणि त्याचे पैसे घेतले होते.

दोन महिन्यांपूर्वी त्यांचा मोठा मुलगा आला होता. आईचं वर्षश्राद्ध बारा दिवसांवर आलेलं. 24 बाय 30 इंचाचं तैलचित्र हवं, हॉलमध्ये लावायचं. आईचा नीट असा एकही फोटो नाही. एक आधार कार्डाचा, तोही लॅमिनेशनवरून मोबाईलने घेतलेला, आणि एक कुणाच्या तरी लग्नातला, त्यात मान वळवून हसताना. एवढ्यावरून चेहरा उभा करायचा.

आधारच्या फोटोत उजेड समोरून येतो. नाकाला सावली नाही, कपाळ पांढरं पडलेलं, गाल पसरट. त्या फोटोत माणसाचं हाडच दिसत नाही. लग्नातल्या फोटोत हाड दिसत होतं, पण तोंड उघडं. मी आधारवरून अंतरं घेतली आणि लग्नातल्या फोटोवरून गालाचं हाड, जबडा, डोळ्याखालचा खड्डा. त्यात पावसाळा. टायटेनियमचा पांढरा रंग उन्हाळ्यातही सावकाश वाळतो, दमट हवेत तर विचारूच नका. बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग मात्र लवकर वाळतो, त्यात मँगनीज असतं. म्हणून खालचा सगळा थर पातळ अंबरमध्ये केला, वरच्या त्वचेत पांढरा जपून वापरला आणि रात्रभर पंखा लावून ठेवला. वेळेत दिलं. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. मोबाईलवरच्या चित्राला 'ऑइल इफेक्ट' देऊन कॅनव्हासवर छापून देणारे बाजारात माझ्या दराच्या चौथाईत काम करतात. आधारचा तो सपाट चेहरा ते आहे तसा मोठा करून देतील.

चौथ्या दिवशी मुलाने चित्र बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ते गोंदण काढून टाका. हॉलमध्ये बरं नाही दिसत. पोरीची सोयरीक जुळवायची आहे, पाहुणे येतात."

मी दोनदा म्हटलं, राहू द्या. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. अर्धे पैसे आधी घेतलेले असतात, त्यातून कॅनव्हास, रंग, फ्रेमवाल्याचा ॲडव्हान्स गेलेला असतो. जून-जुलैत क्लासची मुलं कमी असतात, कारण पालक चित्रकलेला पाठवतात ते दहावीच्या वाढीव गुणांसाठी आणि त्याची आठवण त्यांना परीक्षा जवळ आल्यावर होते. 2015 च्या सिंहस्थात भिंती रंगवल्या, चौरस फुटाच्या दराने. ठेकेदाराने शेवटचा हप्ता आजतागायत दिलेला नाही. आता 2027 च्या सिंहस्थासाठी पुन्हा फोन येतायत आणि दर साधारण तोच सांगतायत. अशा हिशोबात गिऱ्हाइकाशी तिसऱ्यांदा वाद घालायला बळ लागतं. ते त्या दिवशी माझ्यात नव्हतं.

ठिपके काढून टाकले आणि चेहरा बिघडला. तीन ठिपक्यांनी ओठ आणि हनुवटी यांच्यामधली जागा भरलेली होती. ते गेल्यावर ती जागा लांब दिसायला लागली. मी हनुवटी वर घेतली, खालच्या ओठाखाली सावली वाढवली. चेहरा गोड दिसू लागला, पण त्या बाईंचा राहिला नाही. चित्र न्यायला आले तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. सून म्हणाली, "अगदी बोलतायत." बाबा खाली गाडीत बसून होते. उतरले नाहीत.

आणि आता ते समोर बसलेले.

"मला खिशात मावंल एवढा काढून द्या. ठिपके टाकून. पोराला काय सांगू नका."

तैलरंग एका दुपारात वाळणं शक्य नाही. मी जलरंग काढले. नाशिकच्या चित्रकाराला तसंही जलरंगाशिवाय जमत नाही. शिवाजी तुपे यांच्या निसर्गचित्रांचं हे शहर. मीही दर रविवारी पहाटे रामकुंडाकडे नाहीतर नारोशंकर मंदिराच्या घंटेसमोर कागद लावून बसते. ती चित्रं वर्षाला तीन-चार विकली जातात. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा 300 जीएसएमच्या जाड कागदाचा तुकडा कापला आणि पहिलं चित्र देण्याआधी मोबाईलवर काढून ठेवलेले टप्प्याटप्प्याचे फोटो उघडले. त्यात चौथ्या दिवसाचा चेहरा होता, गोंदणासकट.

बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. वणीच्या जत्रेत गोंदलं होतं, लग्नाआधी, आईने धरून ठेवलं होतं, असं ती सांगायची म्हणाले. मी यलो ऑकर आणि लाइट रेडचा हात दिला, डोळे बसवले, पदर नुसता सुचवला. मग गोंदण.

जुनं गोंदण कधी काळं काढायचं नसतं. काजळी कातडीखाली असते, कातडीतून बघताना ती हिरवट निळी दिसते, आणि इतक्या वर्षांत पसरून तिला कड राहत नाही. कोरड्या कागदावर ठिपका दिला तर तो पेनाने काढल्यासारखा वर बसतो. मी हनुवटी ओल्या ब्रशने नुसती भिजवली, पाण्याची चमक जाईपर्यंत थांबले, आणि एक नंबरच्या ब्रशने इंडिगोत जरासा बर्न्ट सिएना मिसळून टेकवलं. रंग केसभर पसरला आणि थांबला.

"मधला जरा खाली," बाबा म्हणाले.

मी फोटो बघितला. फोटोत तिन्ही एका रेषेत दिसत होते. पण फोटो समोरून होता आणि हनुवटी गोल असते. मधला खाली असूही शकतो. टिपकागदाने उचलला आणि पुन्हा दिला. बाबांनी मान हलवली. चेहरा परत आला. दोन महिन्यांपूर्वी मी चार दिवस धडपडून जे सावरू शकले नव्हते, ते तिथे एका ठिपक्याने झालं.

त्यांनी पाचशेची नोट पुढे केली. मी घेतली. फुकट काम न करण्याचा माझा नियम आहे; 'तुमचं नाव होईल' म्हणत बॅनर रंगवून घेणाऱ्या मंडळांनी आणि नातेवाइकांनी तो मला शिकवला. पण ती नोट अजून पाकिटात वेगळी ठेवलेली आहे, मोडवत नाही.

त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला. धाकट्या भावाला पुण्याच्या फ्लॅटसाठी तसंच दुसरं चित्र हवंय. "आता आधारचा फोटो नका बघू मॅडम, तुमचंच चित्र ओरिजिनल धरा." वर्षश्राद्धाच्या फ्लेक्सवरही त्याने तेच छापलं होतं. पाच मिनिटांत निम्मे पैसे मोबाईलवर जमा झाले. मी विचारलं, या वेळी गोंदण ठेवू का? तो थोडा थांबला. "कशाला? भावाकडे वेगळी आई आणि आमच्याकडे वेगळी दिसेल."

बाबांचं नाव मी घेतलं नाही.

गुरुवारी कॅनव्हास ताणला. अंबरच्या खालच्या थरात चेहरा बसवला, या वेळी हनुवटी तिच्या खऱ्या जागी, आणि तीन ठिपके दिले, मधला जरा खाली. जुन्या तैलचित्रांत वरचा रंग वर्षानुवर्षं पारदर्शक होत जातो आणि चित्रकाराने झाकलेल्या खालच्या रेषा दिसू लागतात, हे कॉलेजात शिकलेलं. टायटेनियमचा पांढरा फार झाकतो, त्यामुळे त्यातून कधी काही वर येईल की नाही, खात्री नाही. म्हणून हनुवटीवर तो जवळजवळ वापरलाच नाही. ऑकरचा पातळ हात दिला.

हे बरोबर केलं का? गिऱ्हाइकाने नको म्हटलेली गोष्ट त्याच्याच पैशाने रंगाखाली ठेवली. काल रात्री दिवा तिरका धरून बघितलं. दिसत नाहीत. फ्रेमवाल्याने शनिवारचा वायदा केला आहे.