‘त्रयोदशी’, नोंद सातवी: पट उलटा आणि भूत मुकं

मंडळी, ‘त्रयोदशी’ हा शनिवारवाड्यावरचा पटावरचा खेळ मी बनवतोय, त्याच्या सहाव्या नोंदीनंतर अडीच महिने गप्प होतो, त्याला कारण पट. फ्लेक्सवर छापलेला पट साताऱ्याच्या पावसात असा वळला की चारी कोपऱ्यांवर फुलपात्री ठेवून खेळावं लागे. म्हणून सनबोर्डवर नवा छापून घेतला. तो आला आणि आम्ही एक अख्खा डाव खेळलोसुद्धा. डाव संपल्यावर बहिणीनं विचारलं, ‘‘दादा, खिडकी दरवाजा पूर्वेला ना रे?’’ नकाशाचा थर मीच फाइलमध्ये उलटा ठेवला होता. वरची अक्षरं सुलटी, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. उत्तरेचा दिल्ली दरवाजा आणि दक्षिणेचा नारायण दरवाजा आपल्या जागी, पूर्वेकडची दारं मात्र पश्चिमेला. चारशे रुपये पाण्यात. दुकानदाराला बोल लावायची सोयही नाही.

नव्यानं येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. खेळ शनिवारवाड्यातल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनावर आहे. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, सोमवार. पेशवा अठरा वर्षांचा, गादीवर येऊन वर्षही झालेलं नाही. काका राघोबादादा वाड्यातच नजरकैदेत. गारदी, म्हणजे वाड्यावरचे भाडोत्री शिपाई, आत घुसले, नारायणराव काकांच्या दालनाकडे धावला आणि त्यांना मिठी मारलेल्या अवस्थेत मारला गेला. ‘काका, मला वाचवा’ ही हाक अजून ऐकू येते म्हणतात. कुणी पौर्णिमा सांगतं, कुणी अमावास्या. खेळात एक जण नारायणरावाचं भूत होतो, बाकीचे दोन ते चार जण आजच्या काळातले शोधे.

आता या वेळची खरी प्रगती. पट दोन थरांचा झाला. २७ फेब्रुवारी १८२८ ला वाड्याला आग लागली, ती आठवडाभर धुमसत होती. आज आत गेलात तर तट, बुरूज, दरवाजे आणि हिरवळीवरची जोती, एवढंच दिसतं. खालच्या सनबोर्डवर मी ही जोती काढली. वर ओएचपी शीट म्हणजे पारदर्शक प्लास्टिक, तिच्यावर जुन्या वाड्याच्या भिंती, चौक, जिने, आतली दारं. दालनांची मांडणी खेळाच्या सोयीनं केली आहे, ती वास्तूचा नकाशा म्हणून कुणी धरू नये. शोधे खालच्या थरावर फिरतात, म्हणजे जोत्यावरून जोत्यावर सरळ. भूत वरच्या थरावर. त्याच्या लेखी वाडा अजून उभा आहे, त्यामुळे त्याला दारातूनच जावं लागतं. सगळीकडे भुतं भिंतीतून आरपार जातात. इथं भुताला भिंती आडव्या येतात आणि माणसांना येत नाहीत. पहिल्या डावात भाच्यानं भूत घेतलं. तीन शोधे त्याच्या अंगावरून चालत गेले आणि तो बिचारा जिन्याचं दार उघडायची वाट बघत बसला. टेबलाभोवती हसू होतं, मग हळूहळू कुणी हसेना. तेव्हा वाटलं, हे जमलं.

भूत फाशानं चालत नाही, सात कवड्यांनी चालतं. जितक्या उताण्या पडतील तितकी पावलं. सगळ्या पालथ्या पडल्या तर जागीच उभं. कवड्या आईच्या जुन्या सारीपाटातल्या आहेत, त्यांचा आवाज प्लास्टिकच्या फाशाला येणार नाही.

आईचीच एक हरकत मात्र मला दोन महिने छळत होती. ‘‘राघोबानं केलं हे शेंबडं पोरही सांगेल. यात शोधायचं काय?’’ रहस्यकथेच्या साच्यातला खेळ आपल्या लोकांसमोर या एका प्रश्नात आडवा होतो. उत्तर आमच्या शेजारीच होतं. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे माहुलीचे, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचे, म्हणजे आमच्याकडून दुचाकीवर पंधरा मिनिटं. त्यांनाही गुन्हेगाराचं नाव काही अवघड नव्हतं. अवघड होतं ते सत्तेवर बसलेल्या माणसाविरुद्ध साखळी जुळवणं: सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसाफ हे गारदी, सेवक तुळाजी पवार, आणि त्यांच्यापासून वर काकांच्या दालनापर्यंत. म्हणून आता शोध्यांनी भूत पकडायचं नाही. भूत जिथं थांबतं तिथला पुरावा उचलायचा आणि दुवे क्रमानं शास्त्रीबुवांपुढे ठेवायचे. शास्त्रीबुवा घड्याळासारखे आहेत. त्यांनी दादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडून वाईजवळ पांडववाडीला गेले. खेळातही त्यांची सोंगटी घरा-घरानं पांडववाडीकडे सरकते. ती पटाबाहेर गेली की हातातले पुरावे रद्दी.

घटनांची पत्तेजोडी लिहिताना एक गोष्ट उशिरा डोक्यात शिरली. खून भर दुपारचा आहे. आपण सगळे चांदणं, घुबड, वटवाघळं काढून मोकळे होतो (माझ्या पेटीवरही चंद्र होता, तो खोडला). त्या सकाळी नारायणराव पर्वतीला जाऊन आले होते. कटाचा वास लागला होता, सरदार हरिपंत फडक्यांना बंदोबस्ताचं सांगूनही झालं होतं. हरिपंत आधी जेवायला गेले. यावरून ‘जेवून येतो’ हा पत्ता केला: ज्याच्याकडे येईल त्यानं एक फेरी काहीही करायचं नाही. साताऱ्यात रविवारी दुपारी खेळताना हा पत्ता अक्षरशः पाळला जातो.

‘ध चा मा’चं काय केलं, असं दोघांनी विचारलं होतं. तो पत्ता आहे, पण ‘आवई’ या गठ्ठ्यात. आनंदीबाईंनी ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं ही आख्यायिका म्हणून घरोघर पोचली आहे. पुराव्यात तिला बसवायला माझं मन घेईना. नियम असा: हा पत्ता उघडला की सगळ्या शोध्यांनी आपली सोंगटी पत्त्यातल्या दालनात न्यायची, आणि गुण शून्य. आई म्हणाली, ‘‘एवढा प्रसिद्ध आणि शून्य?’’ मी म्हटलं, तेच तर. तिला पटलेलं नाही. पण डावात ती सगळ्यात आधी त्या दालनाकडे पळते आणि तिथंच हरते.

इच्छारामपंत ढेरे आणि चापाजी टिळेकर, दोघेही त्या गोंधळात मारले गेले, त्यांचे पत्ते अजून लिहिले नाहीत. नारायणरावाला वाचवायला मध्ये पडलेल्या चापाजीसाठी नुसतं ‘एक फेरी भूत सुरक्षित’ लिहिणं फार स्वस्त वाटतं.

आता मुकेपणाचा प्रश्न. भुतानं बोलायचं नाही, खाणाखुणा नाहीत, फक्त कवड्या. नियम चांगला होता, पण भूत झालेला माणूस कंटाळायचा. म्हणून सगळ्या डावात एकदाच, हवी तेव्हा, एक हाक मारायची मुभा दिली. हाक आली की सगळे शोधे आवाजाच्या दिशेनं एक घर सरकतात. गेल्या शनिवारी रात्री साडेअकराला भाच्यानं ती मुभा घेतली. मी त्याचा मामा, पण गडी भूमिकेत शिरला होता. ‘‘काका, मला वाचवाऽऽ!’’ एवढ्या जोरात, की खालच्या मजल्यावरचे काका बनियनवर जिना चढून आले. दार उघडलं तर टेबलावर एक मेणबत्ती, कवड्या आणि पाच ओशाळलेली माणसं. त्यांना कंदी पेढा दिला, बसवून घेतलं, दुसऱ्या डावात शोध्या केलं. त्यांनी पहिल्याच फेरीत तुळाजी पवाराचा दुवा उचलला आणि ‘‘हा कुणाच्या जिवावर एवढा उडत होता ते आधी बघा’’ म्हणून आम्हाला कामाला लावलं. शास्त्रीबुवा पांडववाडीला पोचायला दोन घरं असताना साखळी पूर्ण झाली. अकरा डावांत शोधे जिंकायची ही तिसरी वेळ.

हाकेचा नियम आता ‘कुजबुजत’ असा बदलला आहे. सरळ पट सोमवारी मिळेल. काका रविवारी जेवून येतो म्हणालेत, तेव्हा चारच्या आत सुरुवात होईल असं वाटत नाही.