अंजनेरीचे रंग घेऊन फिरोजाबादला

नाशिकहून फिरोजाबादला जायला पंजाब मेल सोयीची. रात्री नाशिकरोडला बसलं की दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर आग्रा कँट. तिथून फिरोजाबाद चाळीसेक किलोमीटर. मुक्काम आग्र्यालाच ठेवा आणि सकाळी लवकर निघा. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी उत्तम. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन् तास रखडतात आणि मे-जूनमध्ये काचेच्या भट्टीजवळ उभं राहवत नाही.

गाव बांगड्यांचं. आपल्या कासाराकडचा हिरवा चुडा बहुतेक तिथूनच आलेला असतो. मला मात्र फुंकून घडवलेली काच पाहायची होती, आणि श्रावणातला नाशिकजवळचा अंजनेरीचा डोंगर एका फुलदाणीत उतरतो का, हेही. फुलदाण्या आणि दिव्यांच्या हंड्या विकणाऱ्या दुकानदाराला सरळ विचारा; कारखाना कुठे, आत सोडतील का, हे त्यालाच नीट ठाऊक असतं.

कारागिराने मोबाइलवरचा फोटो क्षणभर पाहिला आणि विचारलं, "नीचे कौन सा रंग, ऊपर कौन सा?" खरं काम या प्रश्नापासून सुरू होतं. काचेत चित्र काढत नाहीत, थर लावतात. म्हणून जाताना फोटोपेक्षा रंगांचा क्रम ठरवून जा. मी सांगितलं: तळाला काळा कातळ, मधे हिरवा, वर धुक्याचा पांढरा.

लांब पोकळ फुंकणीचं टोक भट्टीत फिरवून त्याने काचेचा रस उचलला, मधासारखा दाट. लोखंडी पाटावर रंगीत काचेचा चुरा पसरलेला होता; त्यावरून तो गोळा लोळवला, पुन्हा भट्टीत तापवला, वरून पारदर्शक काचेचा थर चढवला, मग फुंकर. या सगळ्यात फुंकणी फिरायची थांबत नाही. थांबली की रस एका बाजूला ओघळतो. आणि गंमत म्हणजे तेव्हा रंग दिसतच नाहीत. क्रोमियमचा हिरवा असो की कोबाल्टचा निळा, तापलेला गोळा सगळाच नारिंगी. कारागीर सगळं अंदाजाने करतो. तो अंदाज पाहण्यासाठी एवढा प्रवास करावा, असं मला मनापासून वाटतं.

तिथे उभं असताना सह्याद्रीच सारखा आठवत होता. आपला कातळही एकेकाळी असाच वितळलेला होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हजार-बाराशे अंशांचा लाव्हा थरावर थर पसरत गेला. काचही साधारण तेवढ्याच तापमानाला घडवतात. अंजनेरीच्या कड्याच्या आडव्या पायऱ्या काचेत इतक्या सहज बसल्या, त्याचं मला तरी नवल वाटलं नाही.

घडवलेली वस्तू लगेच हातात मिळत नाही. सुमारे ५०० अंशांच्या भट्टीत ठेवून ती सावकाश थंड करावी लागते, नाहीतर आतल्या ताणाने नंतर कधीही तडकते. त्यामुळे दोन मुक्काम धरा. मधल्या दिवशी ताजमहाल होतो. फक्त शुक्रवारी तो बंद असतो. या भट्ट्या आता गॅसवर चालतात, त्यामागेही ताजच आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ताजभोवतालच्या पट्ट्यातल्या उद्योगांना कोळसा बंद करायला लावला.

कारखान्यात जाताना बंद बूट हवेतच, जमिनीवर जागोजागी काचेचे तुकडे असतात. कपडे सुती घाला, सिंथेटिक नकोत. लहान मुलांना नेऊ नका. फोटोआधी विचारा, आणि काम करणाऱ्याच्या मागून जाऊ नका, तो फुंकणी घेऊन अचानक वळतो.

विकत घेताना वस्तू उजेडापुढे धरा. रंग काचेच्या आत हवा. नुसता वरून फासलेला असेल तर नख किंवा नाणं घासल्यावर निघतो. बूड घासून गुळगुळीत केलंय का, तेही बोट फिरवून बघा. दोन थरांच्या सीमेवर केसासारखी रेघ दिसली तर ती वस्तू सोडा. वेगवेगळ्या काचा थंड होताना कमीजास्त आकसतात, तिथेच पुढे चीर जाते.

परतीला खोका सामानाच्या रॅकवर ठेवू नका. खालचा बर्थ घ्या आणि पायाशी, भिंतीला लावून ठेवा. आत वर्तमानपत्राचे बोळे फुलदाणीच्या पोटातही भरा, नुसते बाहेरून गुंडाळून भागत नाही. घरी आल्यावर खिडकीत ठेवा, पण गरम पाण्याने धुऊ नका.