आमची वाटचाल: आधी घर पाहतो, मग दर सांगतो

2005 साली टाटाची एस ही छोटी मालगाडी बाजारात आली आणि बघता बघता ‘छोटा हत्ती’ म्हणून गल्लोगल्ली दिसायला लागली. आमचा धंदा त्याच गाडीवर सुरू झाला. वडील निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरमधून कारखान्यांचा माल भरायचे. मी मात्र पिंपरी-चिंचवडमध्ये भाड्याची घरं बदलणाऱ्यांचं सामान हलवायला लागलो. वडिलांना ते पटलं नव्हतं. कारखान्याच्या मालाला चलन, म्हणजे मालाबरोबरचा कागद असतो, वजन असतं, नग मोजलेले असतात. घरसामानाचा हिशोब कशावरून धरायचा, असं ते विचारायचे. प्रश्न रास्त होता. आमची पुढची सगळी वाट त्याच प्रश्नाने घडवली.

घरसामानाचा हिशोब यादीवरून धरायचा, आणि ती यादी घरात जाऊनच होते. ‘टू बीएचके आहे, किती घ्याल?’ या प्रश्नाला फोनवर आकडा सांगणारे पुष्कळ आहेत. आम्ही सांगत नाही. दोन टू बीएचकेंमध्ये एका अख्ख्या टेम्पोचा फरक पडू शकतो. आमचा माणूस घरी येतो तेव्हा हॉलकडे नंतर बघतो, आधी माळा उघडायला लावतो. सांगताना लोक हमखास माळा विसरतात: गणपतीची मखर, पाहुण्यांच्या गाद्या, पितळेची मोठी पातेली, मुलांचा पाळणा. मग बाल्कनी, पलंगाखालचे कप्पे, इन्व्हर्टरची बॅटरी, घरघंटी. दिवाण सुटतो का, की अखंड आहे? गोदरेजचं कपाट लिफ्टमध्ये मावतं का, की जिन्याने न्यायचं? नव्या सोसायटीत गाडी कुठपर्यंत येते, सामान चढवायची वेळ काय, आधी पत्र द्यावं लागतं का? हे सगळं लिहून झाल्यावरच आम्ही दर देतो, तोही कागदावर. पॅकिंग, चढ-उतार, मजल्याचे पैसे, भाडं, टोल, जीएसटी असं सगळं वेगळं मांडून.

या पद्धतीमुळे सुरुवातीला कितीतरी कामं हातची गेली. फोनवरचा स्वस्त आकडा ऐकून लोक तिकडे जायचे. पण त्यातलेच काही पुढच्या बदलीला आमच्याकडे आले, आणि त्यांच्या तोंडून जे ऐकलं ते वाईट होतं. सामान गाडीत चढलं की ‘हे ठरल्यापेक्षा जास्त आहे’ म्हणून दर वाढवायचा, पैसे मिळेपर्यंत गाडी हलवायची नाही. ज्याचा अख्खा संसार गाडीत आहे तो भांडणार कसा? याचा मला मनापासून संताप येतो, आणि म्हणून काम आम्हाला द्या न द्या, पुढच्या गोष्टी प्रत्येकाने तपासाव्यात असं मी सांगतो.

जीएसटी क्रमांक मागा. तो पंधरा अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्रातला असेल तर 27 ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकलात की नाव-पत्ता दिसतो. हातातल्या कागदावर तेच नाव आहे का बघा. मोठ्या कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव लावणारे बरेच आहेत. बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराने सामान ताब्यात घेतल्याची पावती, घेतल्याशिवाय गाडी सोडू नका. 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार सामान हरवलं किंवा फुटलं आणि कोर्टात जायची वेळ आली, तर बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. हातात बिल्टीच नसेल तर नोटीस कशाच्या आधारावर देणार? वापरलेल्या घरसामानाला ई-वे बिल, म्हणजे माल नेताना जीएसटीखाली काढायचा ऑनलाइन कागद, लागत नाही, पण वाटेत गाडी अडवली तर ड्रायव्हरजवळ हीच बिल्टी आणि यादी हवी. विम्याच्या नावाने टक्केवारी घेतली जाते, तेव्हा पॉलिसी कुठल्या विमा कंपनीची, हे विचारा. ‘आमची जबाबदारी’ एवढं तोंडी आश्वासन म्हणजे विमा नव्हे.

बंगळुरूला बदलून जाणारी आयटीतली कुटुंबं वाढली तसे आम्हीही खंबाटकीचा घाट उतरलो. पुणे ते बंगळुरू साधारण 840 किलोमीटर. लांबच्या कामात विचारायची महत्त्वाची गोष्ट म्हणजे अख्खी गाडी तुमची, की सामान दुसऱ्यांबरोबर जाणार. दुसऱ्यांबरोबर गेलं तर स्वस्त पडतं, पण गोदामात उतरतं आणि पुन्हा चढतं, फुटतूट होते ती बहुतेक तिथेच. पावसाळ्यात आम्ही ताडपत्रीवर विसंबत नाही, बंद बॉडीचीच गाडी लावतो.

पोरं आमची कायमची आहेत, नाक्यावरून रोजंदारीने आणलेली नाहीत. याला खर्च येतो आणि तो आमच्या दरात दिसतो. पण पुढे दार असलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम मागून बोल्ट लावून आवळल्याशिवाय ते उचलायचं नाही, फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून बर्फ वितळवून घ्यायचा आणि उभाच न्यायचा, हे त्यांना सांगावं लागत नाही. देव्हाऱ्यातले देव मात्र आम्ही घरच्यांच्याच हाती देतो. दागिने, मूळ कागदपत्रं आणि औषधंही स्वतःजवळच ठेवायला सांगतो. भरलेला गॅस सिलिंडर आम्ही गाडीत घेत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

अकरा महिन्यांचे करार, शाळांच्या सुट्ट्या आणि बदल्या मे महिन्यात एकत्र येतात. महिनाअखेरीची तारीख हवी असेल तर निदान पंधरा दिवस आधी कळवा. घर पाहायला येण्याचे पैसे आम्ही घेत नाही.