रबर सापडलं, काजू अजून छळतोय (तिलारी कॉरिडॉर अपडेट)

मंडळी, रबर सापडलं एकदाचं! मागच्या वेळी रडगाणं गायलो होतो ना, राधानगरी ते तिलारी जंगली जनावरांची वाट (कॉरिडॉर) नकाशावर काढतोय, तर उपग्रह चित्रात दोडामार्ग तालुका नुसता हिरवागार दिसतो आणि सर्किटस्केप (जनावरं कुठून जातील ते मोजणारं सॉफ्टवेअर) त्यातून त्यांच्यासाठी ऐसपैस हायवे काढून देतं. वर्ल्डकव्हर या उपग्रही जमीन-नकाशाच्या वृक्षाच्छादनात लागवडपण मोजतात, त्यामुळे रबराची बाग आणि खरं रान, दोन्हीचा रेझिस्टन्स (जनावराला तिथून जायला किती अवघड, तो आकडा) सारखाच.

तोडगा पानगळीत निघाला. रबर हिवाळ्यात पानं टाकतं आणि लगेच पालवतं, तेव्हा रानातली ऐन-किंजळ झाडं कुठे उघडे पडायला लागलेले असतात. सेंटिनेल-2 उपग्रह दर 5 दिवसांनी येतो, हिवाळ्यात आभाळ मोकळं, एनडीव्हीआयचा (हिरवेपणाच्या आकड्याचा) आलेख लावला की रबराचा खड्डा लवकर पडून लवकर भरतो. उतारावरच्या पायऱ्यांच्या बागांची कड इतकी स्वच्छ निघाली की स्क्रीनशॉट वॉलपेपर करून ठेवलाय.

आता काजू. बारमाही हिरवा, खड्डाच नाही. चित्रातलं टेक्श्चर (झाडांच्या रांगांची ठेवण) बघावं तर जुन्या बागेत फांद्या एकमेकांत घुसलेल्या, सेंटिनेल-1 उपग्रहाचं रडारही ढिम्म. मग म्हटलं सातबाऱ्यावर पीक पाहणीत काजू लिहिलेला असतो, गाव नकाशे जिओरेफरन्स करू (म्हणजे खऱ्या जागेवर बसवू), तर ओढा जुळवला की बांध सरकतो, बांध धरला की रस्ता शेजारच्या गटात. क्यूजीआयएस या नकाशा सॉफ्टवेअरमध्ये थिन प्लेट स्प्लाइन ही नकाशा ताणून बसवायची पद्धतच वापरा, पॉलिनोमियल पद्धतीच्या नादी लागू नका. आणि गटांच्या हद्दींची तयार शेपफाइल (डिजिटल नकाशा) विकत घेऊ नका, माझे पैसे पाण्यात गेले.

पण हे टाइप करताना एका बागायतदार काकांचं बोलणं आठवलं, "गव्यांका काय बाग नि काय रान, रोज येतत." अरे हो की! गव्यासाठी काजू वेगळा काढायचा कशाला? मार्च ते मे काजूच्या बिया गोळा करायला माणसं असतात, पावसाळ्यात बागेत कोण फिरतंय? खरा अडसर कुंपणाचा. मग प्लॅन बदलला, गव्याचे दोन रेझिस्टन्स लेयर (नकाशाचे थर), हंगामातला आणि बाकी वर्षाचा, आणि कुंपणं फक्त पिंच पॉइंटवरच्या (वाट जिथे चिंचोळी होते तिथल्या) गटांत चालत जाऊन जीपीएसवर घ्यायची. तेवढ्यापुरते नकाशे जुळले तरी बास. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात गट नंबर लिहून देता येतील, नकाशावर कॉरिडॉरचा नुसता लाल पट्टा दाखवून तिथे कोणी ऐकत नाही. वाघाला मात्र हे गणित लागू नाही, आणि हत्ती 2002 पासून इथे उतरतायत ते माड-केळीवर ताव मारत, त्यांचा लेयर नंतर.

सौर कुंपण आणि साधी काटेरी तार, गव्यासाठी कुणी किती रेझिस्टन्स धरलाय? आकडे टाका.