‘चिंधी’ नावाचे वर्तमानपत्र

२०१६ च्या ऑक्टोबरात मी भाच्याकडे ऑस्टिनला महिनाभर मुक्कामाला होते. टेक्सासमधला ऑक्टोबर आपल्याकडच्या मार्चसारखा असतो. सकाळी बरे वाटते आणि अकरा वाजले की ऊन डोक्यावर येते. मी पुण्यात तीस वर्षे मुद्रितशोधन केले हे ठाऊक असल्याने भाचेसून एका सकाळी म्हणाली, “मावशी, इथल्या एका जुन्या वर्तमानपत्राची माणसे पन्नास वर्षांनी जमत आहेत. तुम्ही यायलाच हवे.”

त्या वर्तमानपत्राचे नाव ‘द रॅग’, म्हणजे चिंधी. विरोधक आपल्याला जे म्हणणार, तेच नाव आधीच घेऊन टाकण्याचा हा खट्याळपणा मला लगेच आवडला. पहिला अंक १० ऑक्टोबर १९६६ रोजी निघाला आणि १९७७ पर्यंत तो चालला. व्हिएतनामचे युद्ध, वर्णभेद आणि विद्यापीठाची अरेरावी यांविरुद्ध लिहिणाऱ्या अमेरिकेतल्या ‘भूमिगत’ पत्रांपैकी हे एक असले, तरी दक्षिणेत त्याच्याआधी तसे पत्र निघाले नव्हते. संपादक हा शब्दच त्यांना नको होता. थॉर्न ड्रायर आणि कॅरल नीमन यांनी स्वतःला संपादक न म्हणवता ‘फनेल’ आणि ‘फनेला’, म्हणजे नरसाळे, म्हणवून घेतले. सगळ्यांचे लेखन ज्यातून खाली उतरते ते भांडे, एवढाच त्यांचा मान.

कार्यक्रमाला जाण्याआधी आम्ही ग्वाडलूप रस्त्यावर चक्कर मारली. टेक्सास विद्यापीठाला लागून जाणाऱ्या या रस्त्याला गावातले लोक ‘द ड्रॅग’ म्हणतात आणि अंकाची विक्री मुख्यतः येथेच, उभ्याउभ्या, चाले. आवारात विक्रीला विद्यापीठाच्या नियामक मंडळाने हरकत घेतली, तेव्हा वकील डेव्हिड रिचर्ड्स यांनी पत्राची बाजू लढवली आणि ते प्रकरण पुढे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. समोरच्या हिरवळीवर १९६६ च्या शरदात ‘जेंटल थर्सडे’ साजरा झाला होता, म्हणजे विद्यार्थ्यांनी एका गुरुवारी निवांत हिरवळीवर बसायचे, एवढेच. पण विद्यापीठाच्या ज्या मनोऱ्यावरून त्याच वर्षी १ ऑगस्टला एकाने बंदुकीने माणसे टिपली होती, त्याच्या सावलीत असे बसणे ही साधी गोष्ट नव्हती.

सभागृहात पांढऱ्या केसांची, काठी टेकत आलेली, एकमेकांना मिठ्या मारणारी माणसे होती आणि भिंतीला लागून जुने अंक मांडलेले होते. मी आधी अंकांकडेच गेले, सवयच ती. आमच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे कंपोझिटर, गॅली, फॉर्म असा सगळा बारदाना लागे. ऑफसेट छपाईमुळे मात्र टंकलेखन यंत्रावर उतरवलेला मजकूर कात्रीने कापून कागदावर चिकटवला की पान तयार होई, आणि म्हणूनच खिशात फारसे काही नसलेल्या पोरांना वर्तमानपत्र काढता आले. गिल्बर्ट शेल्टन यांच्या ‘फॅब्युलस फरी फ्रीक ब्रदर्स’ या जगभर पोचलेल्या चित्रकथेची सुरुवातही १९६८ मध्ये याच पानांवर झाली. भाचेसून तिथेच रेंगाळली.

मला मात्र दुसरी गोष्ट धरून बसली. त्या काळच्या या बहुतेक पत्रांत स्वातंत्र्यावर पुरुष लिहीत आणि टंकलेखन बायका करीत. ‘रॅग’मधल्या बायकांनी हे मुकाट्याने चालू दिले नाही. जीवशास्त्राची विद्यार्थिनी ज्युडी स्मिथ आणि तिच्या मैत्रिणींनी ‘रॅग’च्या कार्यालयालगतच संततिनियमनाची माहिती देणारे केंद्र चालवले. गर्भपातासाठी कुठे जावे हे सांगितल्याबद्दल आपल्यालाच तुरुंगात टाकतील का, असा प्रश्न १९६९ मध्ये त्यांनी सेरा वेडिंग्टन या तरुण वकील बाईंना विचारला, आणि त्या प्रश्नातूनच पुढे ‘रो विरुद्ध वेड’ हा गर्भपाताच्या हक्काचा खटला उभा राहिला. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो सात विरुद्ध दोन मतांनी बायकांच्या बाजूने निकालात काढला. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने तो निकाल रद्द केला, हे आज लिहिताना नमूद करावे लागते. पहिल्या पानावरच्या युद्धविरोधी मथळ्यांपेक्षा लगतच्या त्या खोलीने देश अधिक हलवला, असे माझे मत आहे.

निघताना एका अंकात मला एकाच परिच्छेदात तीन अशुद्धे सापडली आणि माझे बोट आपोआप त्यांवर गेले. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईने ते पाहिले. ते पान रात्री दोन वाजता आपणच टंकलिखित केले होते, असे तिने हसत सांगितले आणि लेखकाचे हस्ताक्षर किती भयंकर होते याची तक्रार सुरू केली. तो लेखक दोन खुर्च्यांपलीकडेच बसला होता, आणि ‘दोष हस्ताक्षराचा नव्हे’ असे त्यानेही लगेच ऐकवले. भाचेसुनेने गाडी आणली तरी त्यांचे भांडण मिटले नव्हते.