पद्मिनीच्या सीटला नवं रेक्झिन

आजचा रविवार बाबांच्या प्रीमियर पद्मिनीची पुढची सीट बदलण्यात गेला. आमच्या गाडीला पुढेही सलग बाकडंच आहे. गिअर स्टिअरिंगजवळ असल्यामुळे पुढे तिघं ऐसपैस बसायचे.

जुनं रेक्झिन शिवणीवर उसवलं होतं, खालच्या गोणपाटाचा हात लावताच भुगा झाला. स्प्रिंगा मात्र शाबूत! गंज घासून रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा रंग, मारला, नवं गोणपाट ताणून बांधलं, वर फोम.

कव्हर चढवण्याआधी ते उन्हात पसरून ठेवायचं. तापलं की रेक्झिन मऊ पडतं, ताण घेतं. थंड असताना ओढलं तर सुरकुत्या राहतात. मधली शिवण बरोब्बर मध्यावर बसवायची, मग दोन्ही बाजू सारख्या ओढत कडांकडे जायचं. खालच्या तारेच्या कड्या पकडीने आवळताना बोटं सोलवटली. सगळ्यात वेळ खाल्ला तो कोपऱ्यांनी.

रंग जुनाच ठेवला, मरून, शिवणीच्या कडेला पांढरी पायपिंगची गोट. हल्लीची चौकटी शिलाईची तयार कव्हरं या गाडीला शोभत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी; मुंबईत काळी-पिवळी पद्मिनीसुद्धा ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाली. उरलेल्या गाड्यांचं तरी मूळ रूप टिकावं, असं मनापासून वाटतं.

आता मागची सीट बाकी आहे. याच छटेचं जाड मरून रेक्झिन पुण्यात कुठे मिळत असेल तर नक्की कळवा.