सुताराचं बिल

आज दुपारी बाहेर धो-धो पाऊस, त्यामुळे घरीच मारियो मोनिचेल्ली या दिग्दर्शकाचा 'इल मार्केझे देल ग्रिल्लो' (१९८१) हा इटालियन सिनेमा लावला. हसायला बसलो होतो, हसलोही. पण तो सुतार काही डोक्यातून जात नाहीये.

काळ नेपोलियनचा. रोमवर पोप सातव्या पायसचं राज्य, म्हणजे धर्मगुरूही तोच आणि राजाही तोच. त्याच्या दरबारातला उनाड सरदार म्हणजे नट आल्बेर्तो सोर्दी. आरोन नावाचा ज्यू सुतार केलेल्या कामाचे पैसे मागतो. सरदार म्हणतो, देत नाही जा! पैसे नाहीत म्हणून नव्हे, बरं का. प्रकरण कोर्टात जातं, हा सगळ्यांना लाच चारतो, आणि शिक्षा होते ती सुतारालाच. मग हाच गडी न्याय मेला म्हणून रोमभर घंटा वाजवायला लावतो. वर पोपसमोर सगळं कबूलही करतो!

जुगाराच्या धाडीत सापडतो तेव्हा मात्र ओळख पटताच सुटका. जाता जाता बाकीच्यांना ऐकवतो, "माफ करा, पण मी म्हणजे मी, आणि तुम्ही कोणीच नाही." (मूळ शब्द याहून फार शिवराळ आहे, इथे आत्या-मावश्या आहेत म्हणून सोडतो.) ही ओळ १९व्या शतकातल्या बेल्ली या रोमन कवीची. त्याच्या सुनीतात राजा हाच हुकूम काढतो, आणि तो घेऊन गावभर फिरतो कोण, तर जल्लाद. लोक काय म्हणणार? "खरंय, खरंय."

चहा केव्हाच गार झाला होता.